दहा मिनिटांचं काम

ओचोलाने लिहून ठेवलंय : सोपं आहे. दहा मिनिटं.
आज तिसरा दिवस.

किसुमूत वीज गेली की सरोवर जवळ आल्यासारखं वाटतं.
डुंगाच्या धक्क्यावर होड्या अंधारात एकमेकींना घासतात
आणि माझ्या लॅपटॉपचा पंखा
दमेकऱ्यासारखा एकटाच बोलत राहतो.
मासळीच्या भावाचा हा सर्व्हर कालपर्यंत ओचोलाचा होता.
आता माझा म्हणे.
एक पूर्णांक दोन जीबी. सत्त्याहत्तर टक्के.
सत्त्याहत्तर.
सत्त्याहत्तर.
डेटा संपला.
आईचा हॉटस्पॉट मागितला, तर म्हणाली,
एवढं काय उतरवून घेतेस गं, होडी?

नमनालाच घडाभर तेल.
पायथन हवं ते नाही, आहे ते नको.
एका लायब्ररीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी,
आणि तिसरीचं पहिलीशी पटत नाही,
लग्नघरातल्या रुसलेल्या आत्यांसारखं.

मग मी वेगळी खोली बांधली. एका ओळीत बांधून होते :
व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट.
आमच्यात मुलगा वयात आला
की बापाच्या आवारात, फाटकाजवळ, स्वतःची झोपडी बांधतो.
सिंबा म्हणतात तिला.
आत त्याचं अंथरूण, त्याचं कुलूप, त्याचे मित्र.
बापाच्या घरातलं काहीच हलत नाही.
माझ्या तिन्ही भावांनी बांधल्या.
मुलींना सिंबा नसते.
इथे कर्सर थोडा वेळ नुसताच लुकलुकला.
मी खोलीचं नाव दिलं : अपोंदी.
मिरवायला नव्हे. नाव विचारलं म्हणून.

डेटाबेस म्हणाला, पोर्ट ५४३२ कुणीतरी आधीच घेतलंय.
कुणी?
लॅपटॉप सेकंडहँड, कुठल्याशा शाळेच्या हिशेबनिसाचा.
त्याचा सर्व्हर अजूनही मशीन उठलं की गुपचूप उठतो
आणि दारात बसून राहतो,
फी जमा होण्याची वाट बघत.
मी लगेच मारला नाही. आत डोकावले.
तिसरी इयत्ता. दुसरं सत्र. बाकी, बाकी, बाकी.
एका नावापुढे फक्त : शाळा सोडली.
मग थांबवला.

टेबलं तयार झाली, पण रिकामी.
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?
ओचोलाला नैरोबीत फोन लावला.
म्हणाला, माझ्या मशीनवर तर चालायचं.
तुझं मशीन तू घेऊन गेलास, ओचोला.
तो गप्प. मागे बसचा हॉर्न, कंडक्टरची आरोळी.
मग आठवत आठवत : अगं हो, एक फाईल मी हातानं केली होती,
फार पूर्वी. लिहायची राहिली असेल.

आईला विचारा, ओमेना किती वेळ वाळवायची,
ती सगळं सांगते. वारा कुठला हवा, ते तेवढं राहतं.

मी ती फाईल आठवी पायरी म्हणून लिहून ठेवली.
माझ्यानंतरची जी कुणी येईल
ती नवव्या पायरीपाशी मला शिव्या देईल.

रात्री दोन वाजता :
स्टेटस ओके.
काळ्यावर पांढरं, एवढंसं.
१२७.०.०.१, या पत्त्यावर जगातून कुणी येऊ शकत नाही.
शेजारच्या खोलीतूनसुद्धा नाही.
म्हणून आईलाच हाताला धरून आणलं.

लेसो सावरत ती वाकली, डोळे बारीक केले.
एवढंच?
मग मी भाव काढून दाखवला. लुटुपुटीचा डेटा, ओचोलानंच भरलेला :
होडी : चाचणी एक. मासळी : ओमेना.
एक गोरोगोरो डबा : एक शिलिंग.

आई खाटेच्या काठावर बसली आणि हसली,
पुष्कळ दिवसांनी, पडलेल्या दाताची जागा दिसेपर्यंत.
एक शिलिंग! कुठल्या धक्क्यावर बसतो गं हा?
विचार त्याला, किती डबे उरलेत.

मी विचारलं.
डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं : चार.

आई लेसोच्या टोकाची गाठ सोडून
सुटे मोजायला लागली.