बारा

तिचं नाव झिनाइदा अर्काद्येव्ना,
आणि तोंडची वाफ दवडलेली तिला खपत नसे.
पहिल्याच दिवशी म्हणाली, रान्नो, इथे बोलायचं काम झडपांचं.
आपण ऐकायचं. आकडा लिहायचा. पुढची आणायची.

कोह्तला-यार्वे, जानेवारी, उणे अठरा.
राखेच्या टेकड्यांवरचा बर्फ दुपारपर्यंत करडा होतो.
कारखाना दोन वर्षांतून दहा दिवस गप्प बसतो,
तेव्हा त्याच्या झडपा उतरून आमच्याकडे येतात,
ट्रकमधून, लाकडी चौकटीत, उभ्याच.
आडवी आलेली ती तपासायच्या आधी शेरा मारायची:
निजलेला पहारेकरी.

त्या दिवशी यादीत नसलेली एक आली.
तिचा बिल्ला रंगाखाली गेला होता, हिरवा, मग करडा,
मग पुन्हा हिरवा; दर वेळी कुणीतरी
तिला पाइप समजून रंगवत गेलं होतं.
टोपीवर शिशाचं सील, तारेसकट शाबूत.
झिनाइदाने कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
नखाने रंग खरवडला
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
सीलवर तिच्याच पकडीचा ठसा होता.
साल वाचून मी बोटं मोजली: तेव्हा मी चार वर्षांचा.

साफ करू का? मी ब्रश घेऊन उभाच.
नको. जशी आली तशी.
आंघोळ घालून कुणी ताप मोजतं का?

बाकावर चढवली. बोल्ट आवळले. नायट्रोजन सोडला.
नऊ. दहा. अकरा.
चांगली झडप अकराच्या पुढे कुजबुजायला लागते,
मग बारावर ठाक्! आणि कानांत दडे बसतात.
बारा.
साडेबारा.
तेरा. आणि मला वाटलं, वा, काय मजबूत!
पंधरा.
तिचा हात चाकावर, हळू, अगदी हळू.
सतरा.
अठराला तिने पुरवठा तोडला.
नियमच आहे, दीडपटीच्या पुढे विचारायचं नसतं.
खोलीत नुसती हीटरची घरघर.

उघडली ती नंतर.
शेल तेलाची वाफ वर्षानुवर्षं वर येऊन, थंड होऊन
काळा गोंद झाली होती. तबकडी आणि बैठक एकजीव.
स्प्रिंग ठणठणीत. तिचा दोष नव्हताच.
एकोणीस वर्षं आपण बाराच्या भावात गेलो नाही, ती म्हणाली,
ते टाकीला कधी तसा राग आला नाही म्हणून.

विल्लू आला बुटांवरचा बर्फ झटकत.
साफ केलीत ना? आता किती?
बारा. बरोब्बर.
मग बाराच लिही की. झालंय का काही इतक्या वर्षांत?
झाकली मूठ...
म्हण त्याने अर्ध्यातच सोडली.

झिनाइदाने फॉर्म त्याच्याकडे फिरवला.
दोन रकाने आहेत, विल्लू. आली तेव्हा. गेली तेव्हा.
पहिल्यात तिने लिहिलं: अठरापर्यंत उघडली नाही.
अक्षर नेहमीचंच, सरळ. पेन फक्त जरा खोल रुतलं.
आणि खाली, जिथे काही लिहायची सक्ती नसते,
आधीचं सील: माझं.

संध्याकाळी बसथांब्यावर हाइनो भेटला,
त्या टाकीवरचा, निवृत्तीला आलेला.
काम बंद असलं की जेवण जात नाही म्हणाला,
रोज तिला पाठ टेकून खायची सवय,
हिवाळ्यात कशी छान ऊब लागते.
कधी येते आमची झडप?
उद्या, झिनाइदा म्हणाली.

बस आली. तो आमच्या पुढे चढला.
कोटाच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध,
गंजाचा एक रुंद, जुना डाग.
तिने हातमोजा काढून तो झटकला, दोनदा,
धुळीसारखा.
गेला नाही.