पेडल

हेप्टनस्टॉलहून उतरताना पाय खोल गेला,
तिंबलेल्या कणकेत बोट जावं तसा.
दोनदा हापसलं तेव्हा कुठे गाडी थांबली,
तीही पोस्टाच्या पेटीला विचारून.

शेजारचा आर्नल्ड, वय एक्क्याऐंशी,
गुडघ्याखाली उशी घेऊन बसला.
"पाय ठेव. नुसता ठेव."
ठेवला. सावकाश बुडत गेला.
जमिनीवर थेंब नाही, चारी चाकं कोरडी.
"म्हणजे आतल्या आत."
मास्टर सिलिंडर उघडून
झिजलेलं रबर त्याने माझ्या तळहातावर ठेवलं,
कोटाच्या बटणाएवढं.

नवं बसवलं. मग हवा काढणं:
माझी लोणच्याची बरणी, त्याची नळी,
सगळ्यांत लांबचं चाक आधी.
दाब. धर. धरून ठेव. सोड.
तो इंग्रजीत ओरडायचा,
माझा पाय मराठीत ऐकायचा.
बुडबुडे आले, आले, संपले;
एक चुकार, तो चहा झाल्यावर.
ब्रेक ऑइल बॉनेटवर सांडलं
तेव्हा पाण्यासाठी हा म्हातारा चक्क पळाला.

संध्याकाळी पेडल वरच अडलं.
मी पाय काढेना.

गुरुवारी त्याला हॅलिफॅक्सला न्यायचंय,
डोळे तपासायला.
निम्मी वाट उताराची.