सहाची पाळी

बोलुंगारविकच्या बंदरावर, वजनकाट्याच्या खोलीत
एकच कॉम्प्युटर, आणि आम्ही दोघं.
मी दिवसा. स्टेइंथोर रात्री.
तो डावखुरा.
रोज सकाळी माउस माझ्याशी उलटा बोलायचा,
पडदा काळाकुट्ट, अक्षरं मुंगीएवढी;
मी पुटपुटत सगळं सरळ करायचे,
संध्याकाळी तोही पुटपुटत असणार.
भेट नाहीच कधी. नुसती कुरबुर.

मग एका डिसेंबरात त्यानं पाच ओळी लिहून ठेवल्या.
सहा वाजले की
पडदा आपणहून उजळतो,
बटणं कूस बदलतात,
अक्षरं माझ्या चष्म्याजोगी होतात.
बाहेर अकरापर्यंत अंधारच.

फाइल उघडून पाहिली एकदा.
वरच एक ओळ, हॅशमागे, यंत्र जी वाचत नाही:
उन्नुर येतेय. आवर.

स्टेइंथोर आता दक्षिणेला, लेकीकडे.
रात्रपाळीच बंद झाली.
तरी संध्याकाळी सहाला
मी कॉडची शेवटची खेप नोंदवत असते
तोच पडदा काळा होतो,
माउस डावा होतो.

एक हॅश पुढे टाकला की थांबेल,
येतं मला तेवढं.

मी माउस डाव्या हातात घेते
आणि चुकत चुकत
उरलेलं वजन लिहिते.