भोकाचा पैसा

त्या साली दोन श्रावण आले.
अधिकाच्या वाणाची तबकं, ताम्हनं, निरांजनं विकून
दादा नुकतेच टेकले होते,
आणि निज श्रावणात कुणीतरी दिल्लीहून बोललं
की आपण लढाईत आहोत.
आपण म्हणजे कोण, दादांनी विचारलं.
वकिलांच्या ओसरीवर रेडिओ ऐकून आलेला मुकुंद म्हणाला,
सगळेच.
बरं, म्हणाले दादा,
आणि खरवईवरचा हंडा बोटभर फिरवला.

तांबट आळीत बोलायचं म्हणजे ओरडायचं.
प्रत्येक दुकानाचा ठोका वेगळा.
आई चुलीपासून न उठता सांगायची,
पलीकडचा बंब बुडाशी आला, भाकऱ्या टाकते.
अमावास्येला आळी बंद असली
की तान्हेपणी मी झोपायची नाही म्हणे.

दोन वर्षं लढाई पेपरातच राहिली.
मग देवळालीच्या रस्त्यानं लॉऱ्या, लॉऱ्या, लॉऱ्या,
साखर चिठ्ठीवर, रॉकेल रांगेवर,
तांब्याचा पत्रा परवान्यावर,
परवाना साहेबावर,
आणि साहेब दौऱ्यावर.

मोडीचा भाव चढला.
बायका पदराखाली घंगाळं झाकून आणायच्या,
काठाला सासूचं नाव.
दादा वजन सांगायचे, चेहऱ्याकडे बघायचे नाहीत.
याची काडतुसं होतात, मुकुंद म्हणाला.
दादांनी एका बुडावरून अंगठा फिरवला.
हे माझंच मठारकाम, म्हणाले. सहा दिवस लागले होते.

पुढं मलायाकडचं कुठलंसं शहर पडलं
आणि आमच्या पातेल्यात कढी कळकली.
या दोन गोष्टींचा संबंध
इमामभाई कल्हईवाल्यांनी ओट्यावर बसून समजावला:
कथील तिकडून यायचं, वहिनी.
नवसागराची पुडी त्यांनी आईला देऊन टाकली
आणि छावणीत बशा विसळायला लागले,
गोऱ्यांच्या, चिनी मातीच्या,
ज्यांना कल्हई कधी लागत नाही.

मुकुंद चिकटला नाशिकरोडला, छापखान्यात.
रुपया आता कागदाचा, आमच्याच गावात छापलेला.
संध्याकाळी फाटकाशी त्याचे खिसे उलटे करून बघत.
पहिल्या पगारातली नोट
दादांनी सवयीनं दगडावर आपटली.
पुन्हा आपटली.

ठोके एकेक करून गळाले.
शेवटचा कुणाचा, आठवत नाही.
एका सकाळी गोदावरी घरात ऐकू आली.
शेजारीण शिंकलेली ऐकू आली.
आईचा खरा आवाज किंचित घोगरा होता
आणि ती मधेच हसायची, आपल्याशीच.
आम्ही सगळे हळू बोलायला शिकलो,
आणि दादा उत्तर देईनात.

दादा बहिरे आहेत
हे आम्हाला लढाईत कळलं.
इतकी वर्षं अख्खी आळी ओरडत होती,
कुणाच्या लक्षात येणार?

लढाई संपली, पत्रा सुटला,
पण तोवर बाजारात जर्मनची पातेली आली होती,
हलकी, स्वस्त, कल्हईचा ताप नाही.
ज्याच्याशी लढलो म्हणे,
त्याच्याच नावाच्या भांड्यात आईनं डाळ शिजत घातली.

त्या संध्याकाळी दादा ओट्यावर बसले होते,
चिमटीत लढाईतला पैसा, मधे भोक असलेला.
मुकुंदच्या पोरीच्या करगोट्यात ओवायला घेतला होता.
डोळ्याला लावून त्यांनी त्यातून आळी बघितली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मग मला म्हणाले,
मोठ्यानं, जसे ते नेहमीच बोलायचे,
एवढ्या भोकांचं तांबं, भागे,
कुठं गेलं असेल सगळं?
किती हंडे झाले असते?

मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं.
पण तोवर मला
हळू बोलायची सवय लागली होती.