दोन बाय दोन

उलव्यात सातव्या मजल्यावर
लखिंदरला मी बारा लाद्या उखडायला लावल्या.
दारातून खिडकीकडे जाताना रेघ
मधेच फुगली होती, ओल्या पापडासारखी.
त्याने दोरी ताणली, गुण्या लावला.
"सेठ, लाइन तो सीधी है."
मी म्हटलं, उखड.
मग माझ्या डोळ्याला पटेल तशी
बसवून घेतली पुन्हा, बाराच्या बारा.

रात्री एकेक डोळा झाकून पाहिलं.
उजव्याला वनिता होती तशी.
डाव्याला बारीक, लांब,
बोळाच्या टोकाला उभी असल्यासारखी,
आणि तोंडावर तिच्या चहाच्या डागाएवढा गोल.
पुसायला बोट नेलं मी.
"काय झालं?" म्हणाली. डाग बोटाबरोबर सरकला.

वाशीला डॉक्टरीणबाईंनी
माझ्या डोळ्याचा उभा काप दाखवला:
थरावर थर, भरणीच्या जमिनीसारखे,
आणि मधे एक थर उचललेला. खाली काळं.
"पडद्याखाली पाणी साठलंय."
झोप किती? हप्ते किती? कंबरेला गोळ्या कुठल्या?
मी खिशातली पुडी काढली, नाव नसलेली.
ती त्यांनी परत दिलीच नाही.
"बहुतेक आपलं आपण ओसरेल. तीन महिने."
चौकटींचा कागद दिला, मधे टिंब,
रोज बघायला.
बाई, मी दुसरं काय बघतो?

बाप खाडीच्या बांधावर राखणीला होता.
खांड पडली की पोरं मातीच्या पाट्या घेऊन धावायची,
हा बिडी पेटवायचा.
"उधानात बांद बांदीत नाय कोन.
भांग येउंदे."
आणि बसून राहायचा, गुडघे पोटाशी,
पाणी शेतात चढताना बघत.
ते शेत आता कुठल्या सेक्टरात आलं
मला सांगता येत नाही.

बारा आठवडे.
झोपलो. पुडी नाही. दोरी लखिंदरच्या हातात,
मी नखाने सांधे तपासत मागून.
डाग आधी फिका झाला, मग कडेला गेला,
मग एका सकाळी न्हाणीघरातल्या फरशा
नुसत्या फरशा होत्या.

परवा नळाच्या कामाला त्याच सातव्या मजल्यावर गेलो.
माणसं राहायला आलीत. लहान पोर रांगतंय.
दारात उभं राहून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं:
बारा लाद्या, पलंगाखाली जाईपर्यंत,
स्वच्छ, पक्क्या, वाकड्या.
"काय बघताय?" बाई म्हणाल्या.
लखिंदर खाली मान घालून
पान्हा शोधत राहिला.