धाकटा दांडा

गिअरचा थोरला, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून हा धाकटा.
मूठ झिजलेली, वरची अक्षरं पुसट.
हेरंब म्हणतो, याला हात लावायचा तो फक्त वाळूत.
काढायचा केव्हा, ते म्हणत नाही.

बिदियाच्या पुढे डांबर संपतं
काही न सांगता. एका बकरीच्या अंतरावर वाळू.
तिथं आम्ही टायरची हवा सोडली,
पेनच्या टोपणानं, दर चाकाला मी दीडशे आकडे मोजत,
आणि धाकटा खेचला.
चारही चाकं एका दाव्याला.

दिवसभर सगळं ठीक.
वाळू समजूतदार, एखादं चाक जास्त फिरलं
तर सरते जराशी, हिशेब मागत नाही.
एका टेकाडावर डबा उघडला.
थालीपिठात कचकच.
अकरा वर्षं हा इथं एकटा येऊन बसायचा.
मला जागा दाखवत होता,
"इथून रेंज यायची. इथं, या दगडाशी."
मी आल्यापासून आम्ही
कोथिंबिरीच्या जुडीलाही दोघं जातो.

परतताना मी चालवत होते.
टायर भरले, पाचशे बैसे दिले, सडकेला लागलो.
रस्ता कोरडा ठणठणीत.
सरळ होता तोवर गाडी काही बोलली नाही.
इब्र्याच्या राउंडअबाउटला,
मधोमध सिमेंटची भलीमोठी कॉफीची किटली,
तिला वळसा घालायला गेले
आणि स्टिअरिंग दगड.
खाली कुठंतरी खुटुक.
खुटुक.
मागून कुणी पदर धरल्यासारखी गाडी अडत, उडत.

"हवा कमी असेल."
"मघाशी भरली की."
"मग तू क्लच..."
मग मी काही बोलले नाही.
बोलले, पण ते इथं नको.

परकार दाभोळचे. बावीस वर्षं याच गल्लीत,
रात्री दहालाही शटर अर्धं वर.
वाकून आत बघितलं आणि म्हणाले,
"वैनी, दिवा बघा. पेटलेलाच हाय."
काट्याखाली हिरवा, तिळाएवढा.
तीस किलोमीटर तो माझ्याकडे बघत आला होता.

खडूनं त्यांनी फरशीवर वळण काढलं,
चार चाकांच्या चार रेघा.
"मोजा."
मी खरंच बसून वितीनं मोजलं.
बाहेरची लांब, आतली आखूड,
पुढची मागचीशी जुळेना.
चारांत दोन सारख्या नाहीत.

"वळणावर ज्याचा त्याचा रस्ता.
वाळूत बांधा, चिखलात बांधा, तिथं घसरायला जागा असते.
सुकं डांबर सोडत नाय.
मग तो ताण जातो कुठं? दात्यांत, सांध्यांत.
एक दिवस तुटतं,
आणि लोक म्हणतात, अचानक तुटलं."

"आणि पावसात?" मी.
"पावसात हळू. चार चाकं ओढतात, वैनी,
थांबवायला ब्रेक होते तेवढेच."

मी धाकटा जागेवर आणायला गेले.
येईना. दोन्ही हात लावले.
"झोंबू नका. सरळ मागं घ्या, वीस पावलं."

मागं घेतली.
आरशात हेरंब, शटरच्या उजेडात,
हात हलवत: ये, ये, अजून ये.
हा हात मी आजवर
काचेपलीकडे, बॅगांच्या रांगेत,
फक्त जाताना हललेला बघितला होता.

खालून टक्.
दांडा आपसूक आला. दिवा विझला.
परकारांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला,
आणि खडूच्या रेघा पायानं पुसल्या.

मस्कतपर्यंत दीड-दोन तास.
गाडी हलकी, वळणं मऊ.
मी म्हटलं, "गुरुवारी भाजीला मी एकटी जाईन."
त्यानं खिडकी बोटभर खाली केली.
"बरं."
मग बऱ्याच वेळानं, दोन राउंडअबाउट ओलांडून,
"कोथिंबीर विसरू नकोस."