प्रत्यय

बाजारात माझं भागतं.
मासळीवाल्याशी घासाघीस करते,
दवाखान्यात रांगेवरून भांडते,
बंदिर्माच्या वाऱ्याला इथल्याच शिव्या घालते.
लोक म्हणतात, छान बोलतेस की!
हे 'छान' म्हणजे बंद दार.
दोन वर्षं मी त्याच्या पायरीवर बसून आहे.

नेरिमान हानम कधी छान म्हणत नाहीत.
एकतीस वर्षं कोर्टात जबान्या टाइप केल्या त्यांनी.
साक्षीदार अडखळला तर
ते अडखळणंही उतरवून घेतलं.
आता गुडघे गेलेत, कान शाबूत.
मी त्यांना आंघोळ घालते, गोळ्या मोजून देते
आणि त्या माझ्या चुका मोजतात.
एका चुकीला एक काबुली चणा,
निळ्या वाडग्यात, टक्.
रात्री भिजत घालायचे.
पहिला महिनाभर आम्ही रोज चणेच खाल्ले.

"पळतेस तू, ओरिस्या.
डोकं आत शिरतं, शेपूट दारात चेंगरतं."
खरंय. मी शेवट गिळते.
भरभर बोललं की चूक दिसत नाही,
जशी भरभर चालताना चप्पल तुटकी दिसत नाही.
एकदा त्यांनी माझंच बोलणं टेप करून ऐकवलं.
कोण ही बाई, मला वाटलं,
सामान न घेताच गाडीत चढलेली?

मग हळू बोलायला लागले
तर तोंडच उघडेना.
मासळीवाल्याने विचारलं, बरं नाही का?

परवा म्हणाले, झ्लाताचा दात पडला.
टक्.
"तू पाहिलास?"
नाही. तिकडे चोर्टकिवला पडला.
आईने सांगितलं फोनवर.
"मग पडला म्हणू नकोस.
म्हण, पडला म्हणे."

या भाषेत क्रियापदाच्या शेपटाशी
एक शिपाई उभा असतो:
तू तिथे होतीस?
होतीस तर दी. नव्हतीस तर मिश,
तेही स्वर बघून कपडे बदलणारं.
पुस्तकात हे मी केव्हाच शिकले होते,
परीक्षेत पैकीच्या पैकी.
जिभेला मात्र कुणी कळवलं नव्हतं.

त्या रात्री अंथरुणात सराव केला.
झ्लाताला कांजिण्या आल्या म्हणे.
'र' म्हणायला लागली म्हणे.
नाटकात मुंगी झाली,
चार पाय कागदाचे लावले म्हणे.
भोंगा वाजला, झोपेतच उचलून
तळघरात नेली म्हणे.
एकही चूक नाही.
माझी अख्खी मुलगी
एका प्रत्ययात वाढते आहे,
आणि मला प्रत्यय येतो तो
दुसऱ्यांच्या बोटींचा, दुसऱ्यांच्या गोळ्यांचा.

काल व्हिडिओवर तिने सायकल दाखवली.
अंगणात तीन फेऱ्या.
चौथ्या फेरीला चित्र गोठलं,
पुन्हा हललं तेव्हा ती चिखलात, हसत.
मी धावत स्वयंपाकघरात गेले.
"सायकल चालवली!" दी लावून.
"आणि पडली म्हणे."

नेरिमान हानमच्या चिमटीत चणा होता.
"फोनवर पाहिलं ते पाहिलं का?"
मी काही बोलले नाही.
"आमच्या कोर्टात हा प्रश्न कधी आला नाही."
खिडकीबाहेर बघत राहिल्या बराच वेळ.
वरच्या मजल्यावर एक म्हातारे वकील राहतात,
त्यांना विचारू म्हणाल्या.
मग चणा परत पिशवीत टाकला.

वाडग्यात दिवसाचे चारच.
भिजवायचे तरी कशाला.
मी तसेच कोरडे चघळले, दात दुखेस्तोवर.

सकाळी त्या म्हणाल्या, रात्री झोपेत बोलत होतीस.
कुठल्या भाषेत?
"आमच्या."
बोलले म्हणे मी.
आणि चुका?
"अंधार होता," त्या म्हणाल्या,
"वाडगं सापडलं नाही."